हुकापासून पात्यापर्यंत : प्रस्तावना

घरातल्या दुसऱ्या कुठल्याही यंत्राखाली आपण झोपत नाही. मिक्सर ओट्यावर असतो, वॉशिंग मशीन मोरीजवळ, पाण्याची मोटर जिन्याखाली. छताचा पंखा मात्र चार-पाच किलो वजनाचा असतो, रात्रभर गरगरतो आणि त्याच्या बरोबर खाली आपली गादी असते. तरी कुणाची झोप उडत नाही, आणि ते बरोबरच आहे. हे यंत्र मुळात समजूतदार आहे. काही बिनसलं तर सहसा आधी हलायला लागतं, मग कुरकुरतं, मग वरची वाटी खडखडते. पंखा हलतो म्हणजे नक्की काय होतं, ते घरच्या माणसाने कसं तपासायचं आणि कुठे थांबून वायरमनला बोलवायचं, एवढाच या छोट्या पुस्तकाचा विषय आहे.

एवढ्याशा गोष्टीला पुस्तक कशाला, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं की हलणाऱ्या पंख्याबद्दल जे सल्ले सध्या कानावर पडतात, त्यांतले बरेचसे आपल्या पंख्यासाठी नाहीतच. ते अमेरिकेतल्या घरांसाठी लिहिलेले आहेत. छताच्या विजेच्या पंख्याचं मूळही तिकडचंच. शिवणयंत्रांच्या सिंगर कंपनीत काम करणाऱ्या फिलिप डील यांनी शिवणयंत्राची मोटर छताला लावून तिला पाती जोडली आणि 1880 च्या दशकात तिचं पेटंट घेतलं. आपल्याकडे तेव्हा कचेऱ्यांतून पंखेवाले दोरीने झालरीचे पंखे ओढत होते. पुढे विजेचा पंखा इकडे आला, रुजला आणि रुजताना बदलला. तिकडच्या घरात छत बहुधा लाकडी चौकटीचं, पंखा त्या चौकटीतल्या डब्याला स्क्रूने आवळलेला, पाती चार किंवा पाच, पोटाशी दिवे. आपल्याकडे सिमेंटचा स्लॅब, त्यातून डोकावणारा सळईचा हूक, हुकावर रबरी रीळ, रिळातून बोल्ट, बोल्टला रॉड आणि रॉडच्या टोकाला तीन पात्यांचा पंखा. जातच वेगळी म्हटल्यावर दुखणं वेगळं आणि औषधही वेगळं.

यातला सगळ्यात मोठा फरक टांगण्याचा. आपला पंखा छताला जखडलेला नसतो, तो लोंबतो. रॉडच्या वरच्या टोकाला लोखंडी पट्टीचे दोन कान असतात, त्यांच्यामध्ये रबराचं रीळ बसतं, आरपार बोल्ट जातो, बोल्टला नट आणि नट निसटू नये म्हणून कॉटर पिन. हुकात अडकलेलं असतं ते हे रबर. त्यामुळे हूक जरा वाकडा असला, स्लॅबला थोडा उतार असला, तरी पंखा गवंड्याच्या ओळंब्यासारखा आपल्या वजनाने सरळ खाली उभा राहतो आणि मोटरचा धक्काही थेट काँक्रीटमध्ये जात नाही. ज्याला थोडं हलू द्यायचं असंच ठरवून टांगलं आहे, ते थोडं हलणारच. पंखा पूर्ण वेगात असताना त्याची खालची टोपी करंगळीच्या जाडीएवढी इकडेतिकडे होत असेल, आवाज नसेल आणि हे प्रमाण वर्षानुवर्षं तेवढंच असेल, तर माझ्या मते त्याला हात लावू नये. वीजतंत्रीच्या वर्गात शिकवताना मुलांना हेच पटवणं सगळ्यात अवघड जायचं. हातात पान्हा आला की काहीतरी आवळल्याशिवाय चैन पडत नाही.

पण कालपर्यंत स्वस्थ असलेला पंखा आज हेलकावे घेऊ लागला, तर मात्र शोध घ्यायलाच हवा. तो शोध वरून खाली घ्यायचा, हा या पुस्तकाचा एकमेव हट्ट आहे. आधी हूक आणि रबर, मग बोल्ट, मग रॉड, मग मोटर आणि सगळ्यात शेवटी पाती. बहुतेक घरांत याच्या अगदी उलट चालतं. पाती डोळ्यांसमोर असतात, म्हणून पहिला हात पात्यांना जातो. कॅनोपी, म्हणजे वरची वाटी, खाली सरकवून आत डोकावायचे कष्ट कुणी घेत नाही. रबर मात्र तिथे वर्षं-वर्षं उन्हाळे सोसत वाळत असतं. ते तडकतं, त्याचा भुगा होतो, बोल्ट थेट हुकावर घासू लागतो आणि दोन्हींत खाच पडते. किनारपट्टीच्या घरांत तर खारा वारा नटाला असा काही पकडून ठेवतो की नट सोडवायला गेलं तर बोल्टच तुटतो. इथे एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. वरची ढिलाई एकटी पंख्याला हलवत नाही. हलवणारा जोर खालून येतो, पात्यांकडून, आणि तो थोडाफार प्रत्येक पंख्यात असतो. वरचे सांधे घट्ट असेपर्यंत तो जोर जिरून जातो, ते ढिले झाले की तोच जोर दसपट दिसतो. म्हणून वरचं न पाहता पात्यांना नाणी चिकटवत बसणं म्हणजे चुकीच्या टोकाला धरून गाठ सोडवणं.

हा खालून येणारा जोर किती असतो, याचा अंदाज एकदा यावा म्हणून थोडं गणित. घरोघरी असतो तो 48 इंची पंखा, कंपनीच्या भाषेत 1200 मिलिमीटरचा. पूर्ण वेगात तो मिनिटाला साधारण 350 फेरे मारतो. म्हणजे पात्याचं टोक ताशी जवळजवळ 79 किलोमीटरने धावत असतं, आपल्या उशीपासून सहा-सात फुटांवर. आता एका पात्याच्या टोकाशी फक्त पाच ग्रॅम वजन जास्त आहे असं समजा. एवढ्याशा फरकाने पंख्याला बाहेरच्या बाजूला बसणारी ओढ सुमारे चारशे ग्रॅम वजनाइतकी भरते आणि ही ओढ सेकंदाला जवळजवळ सहा वेळा सगळ्या दिशांनी फिरते. वेग निम्मा केला तर ओढ निम्मी होत नाही, चौथा हिस्सा उरते. ‘रेग्युलेटर तीनवर ठेवा, मग हलत नाही’ हा घरगुती उपाय यामुळेच लागू पडतो. दुखणं त्याने जात नाही, एवढंच.

वजनातला फरक हे एक कारण झालं. दुसरं कारण पात्याच्या बैठकीत असतं आणि आपल्याकडे ते जास्त आढळतं असं मला वाटतं. पात्याला वजनाबरोबर एक कलही असतो, त्या कलामुळेच ते हवा खाली ढकलतं. तीनपैकी एका पात्याचा कल बदलला की ते बाकीच्यांपेक्षा जास्त किंवा कमी हवा ढकलतं, त्या बाजूला पंखा किंचित उचलला किंवा दबला जातो आणि ही उचल पात्याबरोबर गोल फिरत राहते. पातं मुळाशी वाकून टोक सेंटिमीटरभर खाली आलं, तर वजन तेच राहूनही तिन्ही पाती एका पातळीत फिरत नाहीत. नुसतं बघून वजनाचा दोष आणि कलाचा दोष वेगळे ओळखता येत नाहीत. दोन्ही वेगाबरोबर सारखेच वाढतात. ते वेगळे करायला मोजपट्टीच लागते.

पातं वाकतं कसं, याची गोष्ट बहुतेक घरांत दिवाळीच्या आधी घडते. स्टुलावर चढलेला माणूस एका हाताने फडकं फिरवतो आणि दुसऱ्या हाताने तोल सावरायला तेच पातं धरतो. पातं ज्या पट्टीने मोटरला जोडलेलं असतं, ती पट्टी हवेचा दाब सोसायला केलेली असते, माणसाचा भार पेलायला नाही. ती इतकी कमी वाकते की उभ्याने बघून कळतही नाही. पुसताना एका हाताचा तळवा पात्याखाली आधाराला ठेवावा, मग दुसऱ्या हाताने वरून पुसावं. तोल जातोय असं वाटलं तर भिंत धरावी किंवा खाली उतरावं, पात्याला धरू नये. गादी उभी करून चादर बदलताना गादीची कड फिरत्या पात्याला लागणं, घरात चेंडू खेळणं, पलंगावर उड्या मारणाऱ्या मुलाचा हात, हे बाकीचे आरोपी.

याहून मोठा घोळ घर बदलताना होतो. हॉल आणि बेडरूमचे दोन सारखे दिसणारे पंखे एकाच दिवशी उतरवतात, सहा पाती एका पोत्यात भरतात आणि नव्या घरी हाताला येतील तशी जोडतात. कारखान्यातून प्रत्येक पंख्याची तीन पाती वजनं जुळवून आलेली असतात. मॉडेल तेच असलं तरी एका पंख्याचं पातं दुसऱ्याच्या संचात चालेलच असं नाही. पाती सोडण्यापूर्वी प्रत्येकाच्या वरच्या अंगाला आणि मोटरवरच्या त्याच्या जागेला पेन्सिलीने खूण केली, तर नंतरचं सगळं रामायण टळतं. पॅकर्सच्या माणसांना हे सांगायला संकोच वाटता कामा नये.

आता तो प्रसिद्ध सल्ला. पाती आपापसात बदलून बघा, असं जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. चार पात्यांच्या पंख्यात हा सल्ला खरंच उपयोगी आहे. समोरासमोरची पाती शेजारी आली किंवा शेजारची समोरासमोर गेली की जड आणि हलक्याची जोडी बदलते आणि तोल सुधारू शकतो. तीन पात्यांत मात्र समोरासमोर काही नसतंच. प्रत्येक पातं बाकी दोघांच्या शेजारी, सारख्याच अंतरावर. तुम्ही ती कशीही लावा, जड पात्याच्या बाजूची ओढ तेवढीच राहते, फक्त तिची दिशा बदलते. कागदावर तीन बाण काढून बेरीज केली की दहावीच्या मुलालाही हे दिसेल. मग काही घरांत पाती बदलल्यावर पंखा सुधारतो, तो कसा? तिथे दोष एकट्या पात्यांत नसतो. मोटरच्या कवचात किंवा पट्टीच्या बैठकीतही थोडा असतो आणि जागा बदलल्यावर दोन दोष एकमेकांना खातात. काही वेळा तर त्याहून साधं घडतं. पाती सोडून पुन्हा लावताना स्क्रू नीट आवळले जातात आणि श्रेय अदलाबदलीला मिळतं. म्हणून या पुस्तकात अदलाबदलीचा क्रमांक स्क्रूंच्या आणि मोजमापाच्या नंतर येतो.

मोजमापाला महागडं काही लागत नाही. एक लांब काठी भिंतीशी किंवा कपाटाशी अशी टेकवून स्थिर करायची की तिचं टोक पात्याच्या टोकाला जेमतेम शिवेल. मग पंखा हाताने सावकाश फिरवून तिन्ही पात्यांची टोकं त्याच खुणेपाशी येऊ द्यायची. एखादं खुणेच्या वर किंवा खाली राहिलं तर लगेच कळतं. तीन-चार मिलिमीटरचा फरक सोडून द्या, एक सेंटिमीटरचा सोडू नका. प्रत्येक पात्याची पुढची आणि मागची अशा दोन्ही कडा तपासायच्या, म्हणजे कलही कळतो. मग एका टोकापासून शेजारच्या टोकापर्यंत सुतळी ताणायची. 1200 मिलिमीटरच्या पंख्यात हे अंतर तिन्ही बाजूंना सुमारे 104 सेंटिमीटर भरलं पाहिजे. नेमक्या आकड्यापेक्षा तिन्ही अंतरं एकसारखी असणं महत्त्वाचं. एक जास्त आणि एक कमी आलं तर एखादं पातं आडवं सरकलं आहे, बहुधा स्क्रूच्या भोकातच. वाकलेली पट्टी सरळ कशी करायची, कुठे धरायचं आणि कुठे मुळीच जोर लावायचा नाही, हे तिसऱ्या प्रकरणात चित्रांसह दिलं आहे.

एवढं सगळं जुळूनही पंखा हलत असेल, तरच वजन चिकटवण्याकडे वळायचं. इथे नाणं चांगलं, कारण त्याचं वजन ठाऊक असतं. 2011 च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं 3.79 ग्रॅमचं आणि दोन रुपयांचं 4.85 ग्रॅमचं आहे. नाणं पात्याच्या वरच्या अंगाला, मध्यावर, कापडी चिकटपट्टीने पक्कं बसवायचं. सेलोटेप चालणार नाही, सुटलेलं नाणं कुठे जाऊन लागेल याचा भरवसा नसतो. आधी कमी वेगात, मग पूर्ण वेगात पंखा बघायचा आणि त्या वेळी त्याच्या खाली उभं राहायचं नाही. तेच नाणं आळीपाळीने तिन्ही पात्यांवर लावून बघितलं की हलकं पातं कोणतं ते कळतं. मग ते टोकाकडे किंवा मुळाकडे सरकवत सगळ्यात शांत जागा शोधायची. दोन पात्यांवर सारखाच फरक पडला तर दोघांनाही लहान वजन द्यायचं. जागा सापडली की नाण्याऐवजी तेवढ्याच वजनाचा वॉशर एम-सीलने कायमचा बसवायचा. एम-सीललाही वजन असतं, हे लोक विसरतात.

मोटरच्या बाबतीत मी हात आखडता ठेवला आहे. छताच्या पंख्याची मोटर आतून बाहेर उलटलेली असते, तारांचं वेटोळं मध्ये स्थिर राहतं आणि बाहेरचं कवच पात्यांसह फिरतं. या दोघांमध्ये दोन बेअरिंगं असतात, अनेक पंख्यांत 6201 आणि 6202 क्रमांकांची. वीज बंद करून कवच दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि आडवं हलवलं आणि हाताला खळखळ लागली, किंवा फिरवताना करकर जाणवली, तर बेअरिंग गेलं असं समजायचं. ते घरी बदलायच्या फंदात पडू नये. कवच उघडताना वाइंडिंगच्या तारेला ओरखडा गेला तर शंभर-दोनशेच्या कामाचं हजाराचं काम होतं. कंडेन्सर बदलणं सोपं असतं, पण पंखा हलण्याशी कंडेन्सरचा संबंध नाही. तो बिघडला की पंखा हळू फिरतो किंवा फिरायचाच थांबतो.

काही वेळा दोष पंख्यात नसतो, खोलीत असतो. पात्यांची पातळी छतापासून निदान 300 मिलिमीटर खाली आणि जमिनीपासून निदान 2.4 मीटर वर असावी असा बांधकामाचा नियम आहे. बुटक्या खोलीत जमिनीपासूनची उंची राखायला रॉड कापून पंखा छताला चिकटवला की त्याला वरून हवा मिळत नाही, तो धडपडतो. एका बाजूला पोटमाळा, दुसऱ्या बाजूला उघडी खिडकी, असं असेल तरीही हवेचा मार एकसारखा बसत नाही. कोकणातल्या आणि गोव्यातल्या उंच कौलारू घरांत उलट अडचण. तिथे रॉड पुरुषभर लांब असतो, त्यामुळे वरच्या केसाएवढ्या ढिलाईचा खाली वीतभर झोका होतो. पीओपीच्या छतातून जाणारा रॉड भोकाच्या कडेला टेकला, तर सगळं छत थरथरतं आणि शिव्या पंख्याला बसतात. शंका आली तर पंखा दुसऱ्या खोलीतल्या हुकावर टांगून बघावा. तिथे तो शांत असेल तर त्याची निर्दोष सुटका झाली.

नवीन पंखा घ्यावा का, हा प्रश्न हल्ली लगेच पुढे येतो. 1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांना ऊर्जा-बचतीचे तारे लावणं सक्तीचं झालं आणि बीएलडीसी पंखे दुकानादुकानांत आले. जुना पंखा 75 वॅटच्या आसपास वीज खातो, हे 30 च्या आसपास. दिवसाला बारा तास आणि वर्षात तीनशे दिवस धरले तर एका पंख्यामागे सुमारे 160 युनिट वाचतात. बिलासाठी बदलायचा असेल तर जरूर बदला. पण हलतो म्हणून बदलत असाल, तर नवा पंखा त्याच झिजलेल्या हुकावर चढणार आहे, हे विसरू नका.

सुरक्षेचं प्रकरण मुद्दाम सगळ्यात आधी घातलं आहे आणि ते ओलांडून कुणी पुढे जाऊ नये. थोडक्यात सांगायचं तर वीज बंद करायची ती मुख्य स्विचपासून किंवा त्या खोलीच्या एमसीबीपासून. भिंतीवरचं बटण पुरेसं नाही. जुन्या घरांत ते बटण चुकून न्यूट्रलवर जोडलेलं असू शकतं, मग बटण बंद असूनही पंख्यात वीज खेळत राहते. रिमोटने बंद केलेला बीएलडीसी पंखा तर बंद नसतोच, तो नुसता थांबलेला असतो. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढायचं नाही, घडीची शिडी घ्यायची आणि खाली धरायला एक माणूस हवा. हूक हाताने हलवून बघताना स्लॅबमधून सिमेंटचे कण पडले, किंवा हुकाच्या मुळाशी गंजाचे पापुद्रे सुटलेले दिसले, तर या पुस्तकाचं काम तिथेच थांबतं. पंखा उतरवून ठेवायचा, तारांची टोकं चिकटपट्टीने झाकायची आणि आधी गवंडी, मग वायरमन बोलवायचा.

बाकी साहित्य बहुतेक घरांत असतंच: टेस्टर, मोठा पेचकस, पक्कड, दहा-अकरा आणि बारा-तेराचे पान्हे, मोजपट्टी, सुतळी, पेन्सिल. विकत आणायचं ते रबर आणि कॉटर पिन. रबराचे आकार कंपनीगणिक वेगळे असतात, दुकानदाराला तोंडी सांगून नेमकं मिळत नाही. जुनं रबर कितीही भुगा झालेलं असलं तरी पिशवीत घालून दुकानात न्यावं, आणि बोल्टही सोबत न्यावा.